चादरीचं दुसरं टोक

छोटीच्या आईस,

प्रभूच्या नावात सलाम, आणि छोटीच्या दोन्ही गालांना पापा.

मी ठणठणीत आहे. इस्त्रीचा चटका बसला होता, तोही भरत आलाय.

घरी मी साधं पांघरूण घडी करत नाही म्हणून तू कावायचीस ना? आता हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींच्याच घड्या घालतोय. हस खुशाल!

प्रत्येक चादरीवर जो पेशंट झोपेल, त्याच्यासाठी मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. आधी डोळे मिटून करायचो, तर ढीग साचला. मुकादम म्हणाला, "प्रार्थना करा हो, पण डोळे उघडे ठेवून!" देवालाही ते चालतंय असं दिसतं, कारण काम आता ओझं वाटत नाही.

छोटी फोनवर का येत नाही? रुसलीय का माझ्यावर? तू एकटी दमत असशील.

चादरीचं दुसरं टोक माझ्या जोडीला असलेला एक दाढीवाला धरतो. त्याचा धर्म वेगळा. काल त्याचेही ओठ हलताना दिसले.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"तू पेशंटचं बघतोस," तो म्हणाला, "तुझ्या छोटीचं कोणीतरी बघायला नको?"

तुझाच,
छोटीचा पप्पा