जांभळी नदी

बाबा, तुमचा तो टीव्ही गेम मी परवा उघडला. आई घर आवरत होती आणि जुन्या डब्याडुब्यांबरोबर तोही तिने भंगारात काढून ठेवला होता. दाराशी दिसला तसा मी उचलून आत आणला. तुम्ही गेल्यावर तो कुणी लावलाच नव्हता. तेव्हा मी अकरावीत होते. आता मी वाशीमलाच आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि आई माझ्याजवळच राहते. या गोष्टी तुम्हाला सांगाव्या लागतात, याचंच लिहिताना कसंतरी होतंय.

आधी तो होता तसाच लावून पाहिला. लागला, बाबा! दिवा पेटला. पण नव्या मोठ्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागे काहीतरी हलल्याचा भास. हे जुने खेळ टीव्हीला सरळ चित्र देत नसत. आत पत्र्याची एक लहानशी डबी असते. ती डबी चित्राचं एखाद्या चॅनेलसारखं प्रक्षेपण करते आणि टीव्हीने ते अँटेनाच्या भोकातून पकडायचं. एवढ्या धावपळीत चित्राची रया जाते. त्यावर उपाय असा की डबीत शिरण्याआधीच ते चित्र उचलायचं, एका ट्रान्झिस्टरने त्याला थोडा जोर द्यायचा आणि पिवळ्या पिनेने थेट टीव्हीला जोडायचं. माझ्यासाठी हे काम अवघड नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावरच पसारा मांडला. पहिल्या खेपेला पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा आल्या, म्हणून वायर आखूड केली, विजेच्या पट्टीपासून लांबून फिरवली आणि पुन्हा सोल्डरिंगचा डाग दिला. आई म्हणाली, "त्या डब्ब्याच्या मांगं काहून लागली वं? बाजारात नवा भेटत नाई काय?" मी म्हटलं, नवा भेटतो, पण मला हाच बघायचाय.

आपल्याकडे तो काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर चालायचा, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या खेळाला रंग असतील हेही मी विसरले होते. मला सगळं आठवतं. तुम्ही साहेबांच्या बंगल्यावरची ड्यूटी संपवून येता, सायकल भिंतीला टेकवता, शिपायाचा तो पांढरा शर्ट काढून दोरीवर टाकता आणि बनियनवरच माझ्याशेजारी फरशीवर मांडी घालता. खेळ होड्यांचा. दोन होड्या, एक तुमची, एक माझी, खडक चुकवत नदीतून खाली जायचं आणि पुलाखालून जो आधी जाईल तो जिंकला. पडद्यावर सगळं राखाडी, दोन्ही होड्या सारख्याच. मी विचारते, माझी कोणती? तुम्ही म्हणता, "तुही निळी, माही केसरी." मग एकदा मी काठाचा रंग विचारते, झाडांचा विचारते, आणि तुम्ही न अडखळता सांगत जाता. काठावर एक घोडा उभा असायचा. "थो हिरवा हाये." आणि नदी? "नदी जांभळी." मी हसून लोळले होते. नदी कुठे जांभळी असते का, घोडा कुठे हिरवा असतो का? तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ह्या खेळातला तसाच हाये बाई, मी काय करू?" मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी रंग बनवून सांगता. मी शाळेच्या चित्रकलेच्या वहीत तशी जांभळी नदी काढलीही होती आणि बाईंनी ती निळ्याने पुन्हा रंगवायला लावली होती.

आणि तुम्ही मला कधी जिंकू दिलं नाही. बाकी सगळ्या बाबतीत तुम्ही मवाळ, आईच्या मानाने फारच मवाळ. मी मागेन ते द्यायचात, माझ्या ताटातलं कारलं गुपचूप आपल्या ताटात घ्यायचात. खेळायला बसलात की मात्र वेगळेच व्हायचात. तुमची होडी पुलाखालून जायची तेव्हा माझी मागे कुठेतरी खडकावर आपटत असायची. मी रडायची. आई चुलीपुढून ओरडायची, "अहो, लेकरू हाये थे! एखांद्या डावाले त जिंकू द्या!" एकदा मीच म्हटलं, बाबा, आज मला जिंकू द्या ना. तुम्ही खेळाचा रिमोट खाली ठेवलात. तुम्ही माझ्यावर एवढ्या कडक आवाजात बोललात, असं तेवढं एकदाच आठवतं. "मांगाचं नाई. हारली त हारली. पन कोनी जाणून हारलं, त थे जिंकनं तुहं नोहे." मी इतकी घाबरले की रडायचीही थांबले.

मग पावसाळ्यात कधीतरी मी जिंकले. तुम्ही पूर्ण जोर लावून खेळत होता, ओठ दातात धरला होता, आणि माझी होडी आधी पुलाखालून गेली. तुम्ही उडीच मारलीत. गल्लीत जाऊन एकेकाला सांगितलंत, "पोरीनं हारवलं मले. खरंखुरं हारवलं!" चौकातून जिलबी आणलीत. लोक हसत होते, एका खेळण्याचं एवढं काय कौतुक! मलाही ते जरा जास्तच वाटलं होतं.

तर परवा मी दुसऱ्यांदा डाग दिला, पिवळी पिन लावली आणि टीव्ही सुरू केला. चित्र आलं ते लख्ख. एक मुंगी नाही. आणि नदी जांभळी होती.

बाबा, मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. गरम सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवायची राहिली आणि टेबलावरचं प्लास्टिक जळून वास सुटला तेव्हा आई धावत आली. काठावर हिरवा घोडा होता. झाडं तुम्ही सांगितली तशी पिवळी. एक होडी निळी, एक केशरी. आधी वाटलं, माझ्याच जोडणीत काही चुकलंय, रंग उलटेपालटे झालेत. फोनवर त्या खेळाची चित्रं शोधली. तिथेही जांभळीच नदी. तुम्ही एकही रंग बनवला नव्हता. पण आपल्या अख्ख्या गल्लीत तेव्हा रंगीत टीव्ही नव्हता. आणि गेम तर तुम्ही अकोल्याच्या जुन्या बाजारातून आणला होता, असंच आम्हाला सांगितलं होतंत. मग हा हिरवा घोडा तुम्ही पाहिलात कुठे?

आईला विचारलं. ती जळलेलं प्लास्टिक खरवडत म्हणाली, "पायला असन साहेबाच्या बंगल्यावर. तिथं रंगीत होता म्हनत." तुम्ही तिथे काय करायचात, विचारलं तर म्हणाली, "थे कधी सांगलंच नाई त्यायनं. दारावर उभे राहत असतीन." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "इंझोरीच्या काकायले माईत असन. त्या बंगल्यावर दोघंयची ड्यूटी संगंच होती."

काका आता फार थकलेत. मी स्कूटीवर इंझोरीला गेले तेव्हा ओसरीत खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर मात्र हात सोडेनात. मी गेमचं सांगितलं, रंगांचं सांगितलं, आणि ते हसतील म्हणून वाट पाहिली. ते हसले नाहीत.

"तो डब्बा अजून हाये तुमच्या घरी?"

"आहे. परवाच दुरुस्त केला मी. काका, बाबांनी तो खेळ बंगल्यावर पाहिला होता का?"

"पायला?" काकांनी शेंगा बाजूला सारल्या. "अवं, खेळे थो. रोज खेळा लागे त्याले. साहेबाचं पोरगं होतं, आठ-नऊ वर्साचं. एकटंच. त्याच्यासंग खेळाले कोनी नाई. मंग साहेबानं तुह्या बापाले बसोलं. हीच ड्यूटी."

मी म्हटलं, मग बरंच होतं की, उन्हात उभं राहण्यापेक्षा. असं म्हणून गेले खरी. काका माझ्याकडे बघतच राहिले.

"बरं? थे पोरगं सोफ्यावर, अन् तुहा बाप खाली फरशीवर. अन् हाराचं. रोज हाराचं. साहेबानं सांगूनच ठेवलं होतं, पोरगं हारलं का जेवत नाई, तवा तू हारत जाय. मी दारातून पाहो. तुहा बाप पुलापाशी येऊन होडी थांबवे. थांबवे अन् पोराची जाऊ दे. पोरगं टाळ्या वाजवे, म्हने हरला, हरला. अन् यानं हासाचं."

काकांची सून चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि गेली.

"एक रोज जिंकला थो," काका म्हणाले. "हात चालला असन. मानूसच हाये, किती रोखन? पोरगं असं रडलं का बंगला डोक्यावर घेतला. साहेब बाहेर आले. काई इचारलं नाई, काई नाई. म्हने, कान धर अन् माफी मांग त्याची." काकांनी स्वतःचे दोन्ही कान धरून दाखवले. "असं. माह्यासमोर. चाळिशीचा मानूस, त्या एवढ्याशा पोरापुढं."

मी कप खाली ठेवायला गेले आणि चहा ओढणीवर सांडला. भाजलं असेल, पण मला कळलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं की ते कधीचं. काका म्हणाले, तुमच्या घरी डबा यायच्या आधी, त्याच साली. साहेबांची बदली झाली, पोराला नवा गेम मिळाला, आणि बाईसाहेबांनी हा कचऱ्यात टाकायला दिला.

"मी म्हटलं त्याले, काहून घरी नेऊन राह्यला बे थो डब्बा? जीव नाई जळत पाहून? फोड त्याले दगडानं." काकांनी बाजूच्या शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. "त थो म्हने, माह्या पोरीसंग खेळाचा हाये. एकडाव इमानदारीनं खेळून पायतो म्हने."

मी तिथून कशी निघाले ते नीट आठवत नाही. गावाबाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली आणि तशीच उभी राहिले. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारून गेला, ताई, गाडी बंद पडली काय. मी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांपुढे तुमचे ते हात येत होते. ज्या हातांना मी माझ्या होडीच्या पुढे होडी काढताना पाहिलं, त्यांनीच कान धरले होते. तुम्ही संध्याकाळी दारातून आत यायचात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर मला कधीच काही दिसलं नाही, बाबा. मी रोज तुमची वाट बघत दारात बसायची. जवळून बघायची. तरी काही दिसलं नाही. मला वाटायचं, माझ्या बाबांना हरणं माहीतच नाही.

सगळ्यात जास्त हेच मला अजून पचत नाही. अपमान झालेला माणूस घरी येऊन आरडाओरडा करतो, दारू पितो, बायकोवर हात उगारतो, असं मी आजूबाजूला पाहिलंय. तुम्ही तोच डबा घरात आणलात, त्याच्यापुढे मला बसवलंत आणि मला रंग सांगितलेत. त्या घरातल्या टीव्हीवरचे रंग. प्रत्येक वेळी हिरवा घोडा म्हणताना तुम्हाला तो सोफा आठवत नव्हता का? मला हे विचारायला कुणी नाही. आणि त्या जिलबीचा विचार आला तेव्हा मला रस्त्यावर उभ्या उभ्या हुंदका फुटला. माझं जिंकणं खरं होतं, हे तुमच्याशिवाय त्या गल्लीत कुणाला कळलं असेल? मलाही आत्ता कळतंय.

घरी आल्यावर आईने विचारलं, काय म्हणत होते काका. मी म्हटलं, तब्येत बरी आहे, तुझी आठवण काढत होते. तिने ओढणीवरचा डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी ती टीव्हीपुढे येऊन बसली आणि म्हणाली, "लाव बरं थो खेळ, पाहू दे मले बी." मी लावला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नदी जांभळीच हाये का मंग. मले वाटे, थे तुले फसवून राह्यले." तिच्यापुढे रिमोट केला तर तिने तो घेतला नाही.

काकांनी त्या मुलाचं नाव सांगितलं होतं. मी ते फोनवर शोधलं. सापडला, बाबा. पुण्याला असतो. टक्कल पडलंय, चष्मा आहे, एका मुलीला खांद्यावर घेतलेला फोटो आहे. बघून संताप येईल असं वाटलं होतं, पण तो कुणाही माणसासारखा दिसतो. आठ-नऊ वर्षांचं लेकरू होतं ते, त्याला काय कळत होतं, असं मी स्वतःला समजावते, आणि दुसऱ्या क्षणी ते टाळ्या वाजवताना ऐकू येतं. त्याला काही आठवत असेल का? बहुतेक नसेल.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते इथेच राहील. एक मात्र सांगून टाकते. मी लिहायला बसले होते ती तुम्हाला नाही, त्याला. पहिलं वाक्य जमेना. काका म्हणाले होते की तुम्ही त्या लेकराला अहो-जाहो करायचात. मी आधी 'तुम्ही' लिहिलं, ते खोडलं. मग 'तू' लिहिलं, तेही खोडलं. त्याला काय म्हणावं ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. म्हणून दुसरा कागद घेतला आणि वर बाबा लिहिलं.