तिसऱ्यांदा विचारल्यावर

३ एप्रिल
फोनवर चॅटबॉट घेतला. संशयास्पद मेसेज त्यात टाकला की तो खरा-खोटा सांगतो. हे काम आधी माझी बायको मार्लिस करायची. वाचायची, 'हूं' म्हणायची, पुसून टाकायची. बायको गेलेले पुरुष हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक. पण मी आयुष्यभर ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या आहेत. मला फसवणारा अजून लायसन्सच्या रांगेत उभा आहे.

५ एप्रिल
बॉटची उत्तरं लांबलचक असतात. पहिलं वाक्य पुरतं. पुढे नुसतं पाल्हाळ.

९ एप्रिल
मेसेज: 'बेथनी दफनभूमी. जमीन मोकळी होते आहे. मार्लिस टोलेफसन यांच्या दफनाची तारीख ठरवण्यासाठी लिंक उघडा.' अनोळखी नंबर.
नीचपणाची हद्द. इथे हिवाळ्यात जमीन दगड होते आणि जानेवारीत गेलेल्यांना मे उजाडेपर्यंत दफनभूमीतल्या खोलीत थांबावं लागतं, हे यांना कुणी सांगितलं? बॉटला विचारलं. पहिलं वाक्य: हा मेसेज फसवा असू शकतो, लिंक उघडू नका. मला वाटलंच होतं. नंबर ब्लॉक केला. दुपारी फार छान झोप लागली.

१३ एप्रिल, रविवार
चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, सगळ्यांना सावध केलं. एरवी मी बोलत नाही. एकेकाच्या फोनमध्ये बॉट घालून दिला. शेजारचा गॉर्डी म्हणाला, "अरे आर्विड, मेलेल्या माणसाला कोण कशाला फसवेल?" मी म्हणालो, मेलेल्याला नाही, मागे राहिलेल्याला. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मुद्दा पोचला.
व्हर्ना, मार्लिसची धाकटी बहीण, म्हणाली, "सरळ दफनभूमीत फोन कर की!" करणार आहे. नंबर फ्रिजवर चुंबकाखाली आहे. आधी गाडीचे हिवाळी टायर बदलायचे आहेत.

२२ एप्रिल
दुसरा मेसेज, दुसऱ्या नंबरवरून. यात 'कृपया' आहे. भामटे आता आर्जवं करायला लागले. बॉटचं पहिलं वाक्य तेच. ब्लॉक.
टायर राहू दिले. इथे मेमध्येही बर्फ पडतो. जमीन अजून घट्टच असणार.

१ मे
तिसरा. 'आर्विड, मी पास्टर इंगा. तुम्ही फोन उचलत नाही आहात. सोळा तारीख चालेल का?' आता ओळख दाखवून लिहितात. बॉट म्हणाला, हा मेसेज खरा असण्याची शक्यता बरीच आहे.
बॉटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असं माझं पहिल्यापासून मत आहे.

२ मे
व्हर्ना हॉटडिश घेऊन आली, ओव्हनमध्ये भाजलेला खिमा, वर कुरकुरीत बटाट्याच्या गोळ्यांचा थर. मी नको म्हणालो. पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा, आता आणलंच आहेस तर, म्हणून घेतलं. मी खात असताना तिने माझा फोन उचलला आणि बॉटची उत्तरं शेवटपर्यंत वाचली. मोठ्याने. प्रत्येकात दुसरं वाक्य होतं: तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर दफनभूमीत फोन करून खात्री करा.
म्हणाली, "मशीनला कळतं ते तुला कळेना? तीनदा विचारलं रे तुला. आपल्याकडे तिसऱ्यांदा हो म्हणतात. तिला अजून किती दिवस त्या खोलीत ताटकळत ठेवणार आहेस?"
मी म्हणालो, हॉटडिशमध्ये मीठ कमी आहे.
ती गेल्यावर फ्रिजवरचा नंबर लावला. सोळा तारीख.

७ मे
सगळ्यांना कळवायचं आहे. एकेकाला फोन करून बोलणं मला जमणार नाही. मेसेज बॉटकडून लिहून घेतला. 'प्रिय मित्रा, आपल्या लाडक्या मार्लिसला निरोप देताना तू जवळ हवास. जागेच्या नकाशासाठी लिंक उघड. नक्की ये.' माझ्यापेक्षा बरं लिहितो. पाठवला.
कुणाचं उत्तर नाही. भारावले असतील.

१६ मे
कॉफीचं मोठं भांडं, हॅमचे सँडविच, लिंबाच्या वड्या. अख्ख्या चर्चला पुरतील एवढ्या.
आलेले: पास्टर इंगा, व्हर्ना, खड्डा खणणारा माणूस.
वाट पाहिली. शेवटी पास्टरबाईंनी गॉर्डीला फोन लावला. त्याचा आवाज दोन थडगी पलीकडेही ऐकू गेला असता. "पास्टरबाई, खोटा मेसेज आहे तो! आर्विडचा नंबर चोरलाय कुणीतरी! मशीनला विचारलं मी. 'प्रिय मित्रा' म्हणे! आर्विडच्या तोंडून कधी साधं 'गॉर्डी'सुद्धा निघत नाही. सगळ्यांनी ब्लॉक केलाय तो नंबर. त्यानेच तर शिकवलं!"
शिकवलेलं फुकट गेलं नाही, एवढं समाधान.
पास्टरबाईंनी सांगितलं, आम्ही थडग्यापाशीच उभे आहोत. तो म्हणाला, निघालोच, सगळ्यांना घेऊन येतो.
पास्टरबाईंनी विचारलं, थांबायचं का त्यांच्यासाठी?
नको म्हणालो. ती बरीच थांबली आहे.
शवपेटी खाली सोडताना दोरी अडकली नाही. माती मऊ होती. बहुतेक बऱ्याच दिवसांपासून मऊ असावी.
नंतर व्हर्नाने कॉफीचा कप पुढे केला. घेणार का, म्हणाली.
मी पहिल्याच वेळी हो म्हणालो.
तिने कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.