आवाज येतात का?

प्रिय टिल्ल्या,

सहा फुटी माणसाला टिल्ल्या म्हणणं आता बंद कर, असं आई परवाच म्हणाली. पण 'प्रिय बंधू' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. गोळ्यांनी झोप फार येते म्हणालास, तेव्हा हे पत्र तुकड्यातुकड्यांनी वाच. फक्त शेवटपर्यंत वाच.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी आपल्या सगळ्यांना बसवून तुला विचारलं, की हे सुरू झालं तेव्हा कुणाला सांगितलं होतंस का. तू मान खाली घालून 'नाही' म्हणालास. बाबांचा पारा चढला. एक शब्द बोलला असतास तर वेळीच उपचार झाले असते, कॉलेज सुटलं नसतं, असं ते बोलून गेले. आई रुमालाची घडी घालत आणि मोडत बसली. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होते, तोंडाला कुलूप लावून.

दोन वर्षांपूर्वीचं माझं ते प्रश्नावलीचं काम तुला आठवतं का? तरुण मुलांना सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, पुरता जडण्याआधी त्याच्या खुणा ओळखता येतील का, हे एका संशोधन केंद्रातले लोक शोधत होते, आणि त्यांचे इंग्रजी प्रश्न मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. काय शेखी मिरवायचे मी! 'शंका' लिहू की 'संशय', यावरून जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. मराठी मसुदा आधी ओळखीच्या चार-पाच जणांकडून भरून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. तू आयताच सापडलास.

नववा प्रश्न होता, 'तुम्हाला आवाज ऐकू येतात का?' तू पेन थांबवलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि 'हो'वर खूण केलीस. मी खो खो हसले. अरे वेड्या, आवाज सगळ्यांनाच येतात, मिक्सरचा येतो, वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा येतो, असं म्हणाले. तूही हसलास, जरा उशिराने. मला माझी चूक सापडल्याचाच आनंद झाला होता, कारण आपल्याकडे भांडं पडलं तरी आवाज आणि माणूस बोललं तरी आवाजच. मी प्रश्न बदलला, 'जवळ कोणी नसताना कोणीतरी बोलल्याचं ऐकू येतं का?' केंद्रातल्या मोठ्या बाईंनी माझी पाठ थोपटली. पुढे तो प्रश्न शेकडो मुलांना विचारला गेला. तुला मात्र नाही. तुझ्या कागदावर मी पेन्सिलीने 'प्रश्न कळला नाही' असं लिहिलं आणि दहाव्या प्रश्नाकडे वळले.

तुला प्रश्न बरोब्बर कळला होता. तुला दवाखान्यात दाखल केलं त्या आठवड्यात मी तो कागद शोधून काढला. आठ महिने तो माझ्या खणात आहे. तू जरा सावरलास की सांगू, अशी मी माझीच समजूत घालत राहिले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आजार सुरू झाला ते दिवस तुला धड आठवत नाहीत, आणि मी त्याचा फायदा घेतला.

आणि काल तुझा फोन आला. म्हणालास, ताई, निदान तुला तरी सांगायला हवं होतं, माफ कर. मी म्हटलं, जाऊ दे रे, होतं असं. टिल्ल्या, मी तुला माफ केलं! फोन ठेवल्यावर माझी मलाच किळस आली, म्हणून हे लिहितेय. तू सांगितलं होतंस. सगळ्यांच्या आधी, मला, तुझ्या हाताने खूण करून. कागदाची प्रत सोबत आहे. मूळ कागद येत्या शनिवारी मी आई-बाबांसमोर ठेवणार आहे. बाबा तुला जे बोलले, ते खरं तर मी ऐकून घ्यायला हवं होतं. माफी मागत नाही, कालच्यानंतर तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. एवढंच कर, पुन्हा कुणी विचारलं की कुणाला सांगितलं होतंस का, तर माझं नाव सांग.

अजून ठेवलीस तर तुझीच,
ताई