कारखाना धाकट्याला, एका अटीवर

मी, धंद्याने सुतार, वयाने ऐंशीच्या घरात, गुडघ्यांनी कामातून गेलेला पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न माझा धाकटा भाऊ, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक, दर आठवड्याला करतो; त्याला यश आलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मला मरायची घाई नव्हती.

१. राहते घर, सामानसुमानासह, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. ती हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू नये. स्वयंपाकघरातल्या नळाला मी लांब दांडा बसवला आहे, तो बदलू नये. ताईच्या उजव्या हाताला अंगठ्याखेरीज बोट नाही. तो नळ तिला कोपराने सोडता येतो.

२. रंधे, पटाशा आणि बाकीची हातहत्यारे शेजारच्या रंगाऱ्याला. तो देव मानत नाही, पण मागून नेलेली पटाशी धार लावून परत करतो.

३. बँकेतील शिल्लक, दफनाचा खर्च वजा जाता, ताईला. दफनाच्या वेळी धाकट्याने देवाच्या सहनशीलतेवर उपदेश करू नये. तो उपदेश मला पाठ आहे. देव रागवायला उशीर करतो, पाप्याने मागे फिरावे म्हणून वाट पाहतो, कोणाचाही नाश व्हावा असे त्याला वाटत नाही. मान्य. पण देव वाट पाहतो तेवढा काळ कोणीतरी सोसत असते, हे धाकटा कधी सांगत नाही. आमच्या घरात ते ताईने सोसले.

४. कारखाना. हे कलम लांबणार आहे. वकिलांनी नाक मुरडले तरी चालेल.

तरुणपणी ताई आमच्याबरोबर करवत मशीनवर काम करायची आणि आम्हा दोघा भावांपेक्षा सरळ फळी कापायची. पाते टेबलाखाली जिथे फिरते, तिथे त्यावर लोखंडी झाकण असते. वरून ते दिसत नाही. रोज संध्याकाळी ते काढून भुसा झाडायचा आणि परत लावायचे, हे काम ताईचे. एका सकाळी मशीन चालू असताना तिने खाली साठलेला भुसा ओढायला नेहमीसारखा हात घातला, आणि झाकण जागेवर नव्हते. आदल्या दिवशी लावायला विसरली असेल, असे सगळे म्हणाले. पुढे तीही तेच म्हणू लागली. हलगर्जी म्हणून तिचे नाव झाले आणि ठरलेले लग्न मोडले. आजही उपासनेत पापांची कबुली देताना ती त्या झाकणाबद्दल देवाची क्षमा मागते. मी शेजारच्या जागेवर बसून ऐकतो आणि माझे रक्त उकळते.

कारण झाकण धाकट्याने काढले होते. पाते झाकणाला घासत होते म्हणून सकाळीच काढले आणि न लावता चहाला गेला. हे मला त्यानेच सांगितले, पाळक झाला त्या वर्षी, माझ्या पायरीवर बसून, रडत.

"दादा, देवापुढं मी सगळं कबूल केलंय. त्यानं मला माफ केलं."

"आणि ताईपुढं?"

"देवानं पुसून टाकलेलं आपण कशाला उकरायचं?"

"अरे, बोटं काय देवाची गेली होती?"

यावर त्याने डोळे मिटले आणि माझ्या कठीण अंतःकरणासाठी प्रार्थना केली.

मी ताईला सांगितले. ती माझ्यावरच उखडली. "तुझं त्याच्याशी पटत नाही म्हणून काहीही बोलू नकोस. चारचौघांत एवढी पापं सांगतो तो, हेच बरं लपवेल?"

तिचे म्हणणे बिनतोड आहे. मंडळीसमोर आपल्या जुन्या पापांची तो जी साक्ष देतो, ती ऐकण्यासारखीच असते. दारू, पत्ते, शिवीगाळ, सगळे तपशीलवार. 'मी सर्वांत मोठा पापी' म्हणतो तेव्हा बायाबापड्या डोळे पुसतात. सर्वांत मोठा पापी व्हायला त्याचे काही जात नाही. त्या सकाळी झाकण काढणारा माणूस व्हायला मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. वर मलाच सांगतो, "दादा, पश्चात्ताप कर, देवाची सहनशीलता गृहीत धरू नकोस."

त्याला कारखान्याच्या जागेवर प्रार्थनामंदिर बांधायचे आहे. जागा त्याला मिळावी. मात्र रविवारी, भरल्या मंडळीत, ताई पुढच्या बाकावर असताना, त्याने एवढेच बोलावे: "टेबलाखालचं झाकण मी काढलं होतं. ताईची काहीही चूक नव्हती." आधी गाणे नको, नंतर हुंदके नकोत. 'आपण सगळेच चुकतो' अशी सुरुवात केल्यास अट मोडली असे समजावे. ताईला हल्ली कमी ऐकू येते, म्हणून आवाज चढवावा. दुसऱ्यांची पापे सांगताना चढतो तेवढा पुरे.

तो न बोलल्यास कारखाना रंगाऱ्याचा. त्याने तिथे खुशाल डबे रचावेत.

५. व्यवस्थापक म्हणून मी माझ्या वकिलांना नेमतो. मसुदा वाचून ते म्हणाले, "अट ठीक आहे, पण मुदत लिहिली नाहीत. किती दिवस थांबायचं?" मी पेन खाली ठेवले. मला येत्या रविवारचीच मुदत घालायची होती. मग ताईचा विचार आला. रविवार चुकला की तो कायमचा गप्प बसायला मोकळा, आणि ती तशीच क्षमा मागत राहणार.

देव धाकट्यासाठी त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत थांबेल, असा माझा विश्वास आहे, आणि देवावर माझा राग आहे तो याच गोष्टीचा. ताई आम्हा दोघांपेक्षा थोरली आहे. ती आधी जाईल, आणि न केलेल्या चुकीची माफी मागत जाईल.

म्हणून या मृत्युपत्राची प्रत धाकट्याला आजच द्यावी. त्याची मुदत ताईच्या आयुष्याएवढी. ती गेल्यावर त्याने तोंड उघडले, तर देवाने ते हवे तर ऐकून घ्यावे. माझ्या व्यवस्थापकांनी ऐकू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातला एकही शब्द मवाळ करायचा नाही.

सही: सुतार

आमच्यासमक्ष सही केली:
औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, उपासना चालू असताना