बुधवारचा ट्रे

गुरुवार, ३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझ्या आईच्या उजव्या हातात अजून बळ नसलं तरी कान शाबूत आहेत, आणि विषय तिचाच आहे. हॉस्पिटलातून घरी येऊन तीन आठवडे झाले, पण खाते चिमणीएवढं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की महिनाअखेर वजन वाढलं नाही तर पुन्हा दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.

तिचा सगळ्यात आवडता बेत म्हणजे बुधवारचा. पोर्क, आणि त्याच ट्रेमध्ये भाजलेले बटाटे, गाजरं, कांदे. म्हटलं, आपणच करू. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, एका ओव्हनला काय घाबरायचं? काल केला. हसू नकोस, हुबेहूब तिच्यासारखा जमला होता. तिने दोन घास खाल्ले, छान झालंय म्हणाली आणि ताट सरकवलं. आता चव तीच, माणूस तेच, मग घोडं अडतंय कुठे? तुला काही सुचतं का?

जावईबापूंना आशीर्वाद. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझे,
बाबा

सोमवार, ७ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ओव्हन लावलात, हे मी दोनदा वाचलं. साधा चहा ठेवला तरी उतू घालवणारा माणूस तो हाच का, असं तुमच्या जावयांनी विचारलंय.

नळीचं वाचून मात्र जीव उडाला. आणि आई ‘छान झालंय’ कधी म्हणते ते मला ठाऊक आहे. लोकांकडे जेवायला गेल्यावर. म्हणजे काहीतरी चुकतंय नक्की. मांस कुठलं घेतलंत, भाज्या केवढ्या चिरल्यात, ट्रे आत किती वेळ होता, जेवायला किती वाजता बसलात, सगळं लिहा. आणि हुबेहूब झालं हे कशावरून ठरवलंत?

आईला काही कळू देत नाही. तुम्हीही वेळेवर जेवा, आणि आमच्यावर आहे तो जीव असू द्या.

तुमची,
ठमी

गुरुवार, १० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तपासणी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारलेस, तर घे जबानी. खांद्याचं मांस, पाऊण किलो. मीठ, मिरी, लसूण चोळून ठेवलं. बटाट्याच्या फोडी सारख्या याव्यात म्हणून पट्टीने मोजून कापल्या. ते बघून तुझी आई तोंड फिरवून हसली, तेवढीच तिची करमणूक.

तासाभराने उघडून बघितलं, तर बटाटे कडेने तांबूस आणि कडक, मांसातून रस गळतोय. म्हटलं, हे काही खरं नाही. आणखी दोन तास मंद आचेवर ठेवलं. गाजर बोटाने दबायला लागलं, कांद्याचा लगदा झाला, मांसाचे दोरे सुटायला लागले, तेव्हा कुठे बाहेर काढलं. तीस वर्षं खाल्लंय, मला कळणार नाही होय? जेवलो नेहमीसारखे नऊला.

काल दुसऱ्यांदा केलं. दीड घास. आज वजन केलं, पाव किलो उतरलंय. लवकर काहीतरी शोध, बाई.

तुझे,
बाबा

सोमवार, १४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही लिहिलंत तस्सं करून बघितलं, अगदी पट्टी घेऊन. सासऱ्यांचा मान म्हणून तुमचे जावई मुकाट्याने चावत बसले. मला मात्र ओव्हन उघडल्या उघडल्या त्या वासाने आठवलं. हा आमच्या बुधवारचा वास नाही. हा तुमच्या ताटाचा वास आहे.

आम्ही सातला जेवायचो. बटाटे कुरकुरीत असायचे, दादा आणि मी कडेच्या फोडींवरून भांडायचो, आणि कोपऱ्यातली जराशी जळलेली फोड आईची असायची, तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मग तुमचं ताट वाढून, झाकून परत ओव्हनमध्ये जायचं. कुठल्या ना कुठल्या मजल्यावर कोणीतरी अडकलेलं असायचंच. तुम्ही नऊला यायचात. जे चुकलं समजून तुम्ही परत आत ढकललंत, तेच तर खरं होतं. आईच्या हातचं ते ताजं तुम्ही कधी खाल्लंच नाही, बाबा.

लिहू की नको असं झालं होतं. परवा तासाभरातच काढा, आणि सातला तिच्याबरोबर बसा. रागवा हवं तर, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

गुरुवार, १७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. दिवसभर पत्र खिशात घेऊन हिंडलो. शेवटी तिला विचारलं की इतक्या वर्षांत बोलली का नाहीस. ती म्हणाली की मी ते ताट चाटूनपुसून खायचो, तेव्हा मला मऊच आवडतं असं ती धरून चालली होती. आणि मी समजत होतो, बेतच तसा असतो.

काल सहाला ट्रे आत, सातला बाहेर. मी बटाटा तोंडात टाकला तर कर्रकन वाजला. या वयात मला हे माहीत नव्हतं, ठमे. कोपऱ्यातली जळकी फोड उचलणार तोच तिने डाव्या हाताने काटा मारून पळवली. सात फोडी आणि मांसाचे चार तुकडे खाल्ले, मी मोजत होतो. वर आणखी गाजर मागितलं. वजनाचं सोमवारी कळेल, पण काल मी शांत झोपलो.

तिला तुझी दोन्ही पत्रं दाखवली. खाली ती स्वतः लिहितेय, डाव्या हाताने, तेव्हा अक्षर लावून घे.

तुझे,
बाबा

ठमे, बटाटे अजून पाच मिनिटं हवे होते. तुझे बाबा वेळेवर होते.
आई