ट्रंकेतली पाटी

१० नोव्हेंबर, रविवार
भाड्याच्या घरांत केस पिकवलेल्या माझ्या बायांनो, तुम्हाला खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात. नळाला पाणी किती वेळ असतं, हे आपण विचारायच्या आत आपलं गाव, आपलं ताट, आपले देव, सगळं विचारून झालेलं असतं. आणि मग त्या घरी पाहुणे यायचे असतात. नेमके याच महिन्यात, कायमचे राहायला.

झाली भाषणाला सुरुवात. तीस वर्षांची खोड. डॉ.नी सहा महिने मोठ्यानं बोलायला बंदी केली आहे. स्वरयंत्रावर गाठ. कापायची की नाही, ते नंतर ठरेल. "मास्तरीण होता ना, आता वहीत बोला," म्हणाले. म्हणून ही वही.

गोंदियातली खोली सोडावी लागणार. मागच्या मंगल कार्यालयाचा डीजे सुरू झाला की भांडी थरथरतात. शहराबाहेर, शांत जागा हवी. नागपूरवाले हसतील, गोंदियाला कसलं आलं शहराबाहेर! पण देवरीच्या जंगलातून आलेल्या मुलीला हे मोठंच शहर होतं, अजून आहे.

आज दलाल बबलूभाईनं दोन घरं दाखवली. दोन्हीकडे पाहुणे. परतताना तो स्कूटर थांबवून म्हणाला, "मॅडम, सरनेम मत बोलो. बस, विमल मॅडम बोलो. क्या फरक पडता है?"
त्याला झापायला हवं होतं. घसा नव्हता.

१३ नोव्हें.
तिसरं घर. मालक वाचणारा माणूस, कपाटात मी वाचलेली पुस्तकं. अर्धा तास छान बोललो, म्हणजे तो बोलला. मग नाव. मग त्याच्या बायकोनं आतून त्याला हाक मारली. तो बाहेर आला तो माझ्याकडे न बघता. पुस्तकं तीच, कपाट तेच.

१७ नोव्हें., रविवार
बिरसीच्या अलीकडे एका गावात. घरमालकीण अनुसयाबाई, सत्तरीच्या. एकट्याच. मुलगा हैदराबादला. अंगणाच्या कडेला दोन खोल्या, मागे धानाची बांधी, कापणी होऊन धसकटं उरलेली. इतकी शांतता की माझ्याच श्वासाचा आवाज आला.

बाईंनी खाट टाकली. "काऊन बाई, एकट्याच राहून रायल्या का जी?" म्हटलं, हो. "मी बी." मग गाव विचारलं. सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले. आमच्या गावचा तलाव त्यांच्या माहेरच्या लोकांनी बांधला होता, आजोबांच्याही आधी.

तलाव म्हटल्यावर माझं भान सुटलं. डॉ. विसरले. पाळ कशी चढवली, काळी माती कुठून आणली, सलंगावरून जादा पाणी कुठे पडतं, पाणी सोडायच्या तुडुमाच्या दगडी पायऱ्यांवर कोणत्या भोकाचा खुटा आधी काढायचा म्हणजे वरच्या बांध्या आधी भिजतात. घोगऱ्या आवाजात बोलतच गेले. बाई ऐकत होत्या आणि मान डोलवत होत्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
"येवढं कोनाले ठाऊक रायते जी? तुमी तं आपल्यातल्याच निंगाल्या."

तलावाचं पोटातून ज्ञान असलेली बाई म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या घरची. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. खणणाऱ्यांनाही तलाव ठाऊक असतो, हे सुचलं नाही. माझे आजोबा जानेवारीच्या थंडीत बुडी मारून तो खुटा काढायचे. पणजोबांनी टोपलीनं माती वाहिली. त्यातला एक शब्द मी बोलले नाही.

बबलूभाई मागे उभा होता. हसला नाही. तेच जास्त लागलं.
खोली ठरली.

१९ नोव्हें.
गप्प राहण्याला डॉ.ची चिठ्ठी जोडू नये. तेवढा घसा होता.

चाळीस गावांच्या सभांतून मी बायांना उभं करून पूर्ण नाव म्हणायला लावलं आहे. एक लाजली की म्हणायची मी, पुन्हा म्हण, मागच्या रांगेपर्यंत गेलं नाही.

२४ नोव्हें., रविवार
सामान आलं. पुस्तकांची चौदा खोकी. निळ्या कापडात गुंडाळलेल्या दोन तसबिरी खोक्यातच ठेवल्या. पाटी ट्रंकेत. निवृत्त झाले तेव्हा सातवीच्या मुलींनी केलेली, सागाची, अक्षरं कोरलेली. विमल सुखदेव गजभिये. मागच्या तिन्ही घरांच्या दारावर पहिला खिळा तिचाच होता.

२५ नोव्हें.
शांतता गेली! सकाळपासून विमानं. बिरसीच्या धावपट्टीवरून विमान चालवायला शिकणारी पोरं डोक्यावर घिरट्या घालतात. वर, डावीकडे, खाली, पुन्हा वर. मी घर पाहायला आले ती रविवारी, सामान आणलं तेही रविवारी. आयुष्यभर लोकांना म्हटलं, नीट चौकशी करा!
अ.बाई म्हणाल्या, "इमानाची सवय होते जी. नाई आलं तं मलेच सुनं सुनं वाटते."

२८ नोव्हें.
अ.बाई लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आल्या. मला वाटलं, ठेवून जातील. खाली बसल्या, माझ्याच ताटलीत त्यांनी हात घातला. कोणाबरोबर एका ताटलीत खाल्लं त्याला किती वर्षं झाली, मोजत बसले नाही. सभांमध्ये हजार माणसं, घरी एक ताटली. हेच राहिलं आहे.

पेपर मोठ्यानं वाचतात. चौथी शिकलेल्या. अक्षर अक्षर जोडून, शब्द लागला की पुन्हा एकदा पूर्ण म्हणतात. मी न सांगता दुरुस्त करते, त्या न रागावता म्हणतात. मास्तरकी सुटत नाही. सुटू नये.

"तुमच्याकडचे देव कोटी बसवले?" विचारलं. म्हटलं, अजून खोकी उघडली नाहीत. खरंच आहे. खोटं एकही बोलले नाही. वकिली छान जमते मला.

१ डिसेंबर
चं.चा फोन. चंद्रकला, वीस वर्षांची सोबतीण, मी बोलायचे आणि ती सतरंज्या उचलायची. पुढच्या महिन्यात देवरीकडे बायांचा मेळावा आहे. बोलू शकत नसलीस तरी मंचावर बस, म्हणाली. पत्रिका पोस्टानं पाठवते, पत्ता दे. दिला.
"पाटी लावली ना? पोस्टमन नवा असंल तिकडे."
म्हटलं, खिळा मिळाला नाही.
 

६ डिसेंबरच्या आसपास केव्हातरी. तारीख नको.
सकाळी अकरा. मी आत, खिडकीशी. सायकलची घंटी. पोस्टमननं अंगणातून हाक मारली, विमल गजभिये इथंच राहतात का.
अ.बाई धान वाळवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमच्याकडं कोनी गजभिये नाई रायत."
"विमल लिवलं हाय."
"विमल बाई हायेत. त्या आमच्यातल्या. तिकडं टोलीत पाह्य जाऊन."

टोली, आमच्या लोकांची वस्ती, गावाबाहेर आहे. सायकल गेली.

मी खिडकीशी होते. चार पावलं दार. चार पावलं. विमानही नव्हतं वर, त्यालाही दोष देता येत नाही. मी ऐकत राहिले माझंच नाव वाटेनं जाताना, पायडल मारत, मी जिथे राहत नाही तिकडे.

दुपारी बाईंनी ताक आणलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी मला वाचवलं होतं, त्यांच्या मते. राग कोणावर काढू? ताक प्यायले.

८ डिसें.
टोलीत गेले. पत्रिका शेवटच्या घरी पडली होती. घरातली बाई, रोजंदारीवर धान कापणारी, माझ्या सभेला कधीतरी आली होती. ओळखलं. बसायला खाट झटकली.
"ताई, तुमी इकडं? पोस्टमन म्हने, गजभिये पायजे. मी म्हटलं, आमच्यात तं कोनी नवं नाई आलं." मग खाली बघून, "कोटी रायता जी?"
अ.बाईंच्या घराकडे हात केला. तिनं त्या हाताकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं. मुलाच्या शाळेचं सांगू लागली. चहा केला. कपाला कान नव्हता.

निघताना म्हणाली, "मले तुमीच नाव सांगाले लावलं होतं. मंचावरून. मी म्हनलं बी होतं, मोठ्यानं."
मला तिचं नाव आठवेना. विचारायची लाज वाटली. मग विचारलं.
तिनं सांगितलं. पूर्ण.

९ डिसें.
काही नाही. विमानं. वर, डावीकडे, खाली.
घर गेलं तर पुन्हा बबलूभाईची स्कूटर, पुन्हा पाहुणे. वय बासष्ट, पुस्तकांची चौदा खोकी, घसा नाही. त्यापेक्षाही, ती ताटली जाईल. तेच खरं. बाकीचं भाषण.

१० डिसें.
सकाळी तसबिरी भिंतीवर लावल्या. मग ट्रंक उघडली. 'ग'च्या कान्याला वाळवी लागलीय थोडी. पुसली.

खिळा होता, हातोडी नव्हती. अ.बाईंकडे मागितली. त्यांनी कोनाड्यातून काढून दिली, पदरानं पुसून.
"काय ठोकून रायल्या?"
"पाटी."
"बरं झालं जी. मंग पोस्टमन चुकनार नाई."

बायांनो, तुम्ही मागच्या रांगेत असाल तरी ऐका, आज माझा आवाज तुमच्यापर्यंत येणार नाही. त्यांच्या पणज्यानं तलाव बांधला, माझ्या पणज्यानं खणला, पाणी एकच होतं, हे मी तीस वर्षं मंचावरून सांगितलं. दारातून एकदाही नाही.

अ.बाई हातोडी दिल्यावर गेल्या नाहीत. पायरीवर बसल्यात, चष्मा घालून, अक्षरं जोडायच्या तयारीत. त्या मोठ्यानं वाचतील. नंतर काय म्हणतील, ठाऊक नाही.

वही बंद कर, विमल. खिळा ठोक.