पाठ सोडून सगळीकडे

२० एप्रिल
टर्कीची शिकार अकरा दिवसांवर. माझा परवाना १ ते ७ मे. आज ओढ्याकडचं रान पाहून आलो. नर दोन ठिकाणी ओरडत होते. अंगावर सहा गोचीड, पाच मोठे, एक खसखशीएवढा. अंगणातच काढले.
बायको, व्हर्ना, ओ क्लेअर शहरात बहिणीकडे, बर्निसकडे आहे. बर्निसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये. गुडघ्याला वेळ लागतो.
एकतीस वर्षं मी रानातून आलो की व्हर्ना किचनच्या दिव्याखाली माझी पाठ बघायची. आता माझं मीच बघतो. माणसानं स्वावलंबी असावं.

२१ एप्रिल
शेजारचा लायल कुंपणाशी आला. म्हणाला, "कपड्यांवर औषध मार, पँट मोज्यात खोच, घरी आलास की कपडे दहा मिनिटं ड्रायरमध्ये टाक. यात काय रॉकेट उडवायचंय?" मी म्हणालो, औषधाचा वास टर्कीला लागतो. तो म्हणाला, टर्कीला वास येतच नाही. हे त्याला कोणी सांगितलं, टर्कीनं?
पँट मोज्यात खोचून मी या वयात रानात जाणार नाही.

२३ एप्रिल
निश्चय. रोज सकाळी लसणाच्या चार पाकळ्या. रक्ताला वास लागला की गोचीड जवळ फिरकत नाही. अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये हे कोणाच्या डोक्यात आलं नसेल.

२६ एप्रिल
आरशाची योजना. बाथरूमचा मोठा आरसा समोर, दाढीचा आरसा झाडूच्या दांड्याला टेपनं बांधून मागे. यशस्वी. मान आखडली. जवळजवळ सगळी पाठ दिसली. डाव्या खांद्याच्या पात्याखालचा भाग दिसत नाही, पण गोचीड तिथवर जात नाही. चढायला लांब पडतं.
संध्याकाळी व्हर्नाला फोन करून योजना सांगितली. मग म्हणाली, "लायलला बघायला सांग ना." मी म्हणालो, त्याचे हात गार असतात. ती म्हणाली, "आर्व्हिड, मग शर्टावर औषध तरी मार." कधी येतेस ते विचारायचं राहिलं.

१ मे, सकाळी ९
पहाटेपासून ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. नर आला. पिसारा फुलवून, चाळीस पावलांवर. तेवढ्यात कानामागे काहीतरी चालायला लागलं. चापट मारली. नर गेला. गोचीड नव्हताच, घामाचा थेंब होता. पण सावध असलेलं बरं.

३ मे
अंग मोडून आलंय. गुडघे दुखतात, डोकं जड. लसूण बाधला. बंद केला.

४ मे
लायल म्हणतो, मी झाडाखाली घोरत होतो आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मी डोळे मिटून नरांचा अंदाज घेत होतो. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अंदाज तुझ्या बुटाजवळून चालत गेला." ठसे खरंच होते. मादीचे असावेत.

७ मे
शेवटचा दिवस. ताप. गेलो नाही. टर्कींनाही विश्रांती हवी.

८ मे
लायलनं न विचारता गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं शर्ट वर केला. मग डॉक्टरला हाक मारली. डाव्या पात्याखाली बशीएवढं लाल कडं. म्हणे गोचिडापासून होणारा लाइमचा ताप; दोनेक आठवड्यांपूर्वी गोचीड चावून, पोट भरून, पडूनही गेला असेल.
नर्सनं विचारलं, "घरी तुमची पाठ कोण बघतं?" मी म्हणालो, बायको. हे खोटं नाही. काळ तेवढा चुकला.
गोळ्या दिवसातून दोनदा, एकवीस दिवस. उन्हात जायचं नाही. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाली. येताना मी लायलला सांगितलं, वेळेवर आलो. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

१२ मे
ताप गेला. शिकारीचे कपडे बाहेर दोरीवर टांगून त्यांच्यावर औषध मारलं. केवळ प्रयोग म्हणून.

१५ मे, दुपार
व्हर्ना आली. लायलनं फोन केला होता तिला. मी दाढी केली, किचनमधला बल्ब बदलला. म्हणालो, आलीच आहेस तर पाठ बघ, आणि शर्ट काढून खुर्चीवर टाकला. तिनं चष्मा लावला. मानेपासून कमरेपर्यंत पाहिलं, कानामागेसुद्धा. कडं फिकं झालंय म्हणाली. बोट तिथे जरा थांबलं.
मी म्हणालो, बर्निसचा गुडघा आता चालत असेल. ती म्हणाली, "बर्निस एप्रिलपासून नाचायला जातेय, आर्व्हिड." मग तिनं सांगितलं की तिनं तिकडे घर घेतलंय, भाड्यानं. लायब्ररीत काम मिळालंय. सोमवारपासून.
मी म्हणालो, लायब्ररी चांगली आहे. ती म्हणाली, "आता लायलला विचारत जा. लाजू नकोस."
गाडीपर्यंत सोडायला गेलो, तर म्हणाली, "ऊन आहे, आत जा." मग दारातूनच हात केला.
ती गेल्यावर लक्षात आलं, शर्ट अजून खुर्चीवरच होता.